रिठेबाईंचा पिंजरा

रिठेबाई कुणाच्याही घरी गेल्या की आधी मोरीत डोकावत. साबणाची वडी उचलून नाकाशी धरत आणि विचारत, "यात कुणाची चरबी आहे, ठाऊक आहे का?" घरची बाई बिचारी तोंडाला पदर लावून उभी राही. अंगाला रिठे, केसांना शिकेकाई, भांड्यांना राख असा त्यांचा सदा घोष, म्हणून आम्ही मुलांनी त्यांना हे नाव ठेवलं होतं. तेव्हा मळवलीत अजून वीज यायची होती. पुण्याहून बदली होऊन आलेल्या या आमच्या मास्तरीणबाई शाळेमागच्या खोलीत एकट्याच राहत.

मला त्यांची भयंकर भीती वाटे. त्यांनी कधी कुणावर छडी उगारली नाही, पण दर शनिवारी एकेकाला उभं करून त्या विचारत, कुठल्याही जिवाला न छळता या आठवड्यात घरात काय वापरलं? खोटं बोललं तर त्यांना लगेच कळे, आणि त्या रागवायच्याऐवजी नुसत्या गप्प बसत. त्यापेक्षा छडी परवडली असती.

भाताला लोंब्या धरल्या आणि बाईंनी उंदरांचा विषय काढला. घरोघरी उंदरांसाठी विष नाही तर चाप. बाई म्हणत, विषानं उंदीर दोन-दोन दिवस तडफडतो, ते बसून बघा आणि मग वापरा. त्यांनी लोणावळ्याच्या बाजारातून पदरच्या पैशांनी तारेचा पिंजरा आणला आणि पाळीपाळीनं एकेकाच्या घरी धाडू लागल्या. उंदीर धरायचा आणि ओढ्यापलीकडे सोडायचा. माझी पाळी आली तेव्हा मी पिंजरा लांबच्या वाटेनं घरी नेला, कारण घरी माझे वडील, आबा, होते.

आबांचं सगळं वर्ष त्या भातावर. पिंजरा बघून ते म्हणाले, "त्यो आपलं भात खाताना आपल्यावर दया करतो का?" पिंजरा आठ दिवस पडवीत तसाच पडून राहिला, तेव्हा बाई स्वतःच आल्या. आबांनी त्यांना चहा पाजला, बघतो म्हणाले, आणि बाईंची पाठ वळल्यावर जे करायचं तेच केलं. पिठात गूळ आणि उंदराचं औषध कालवून गोळे वळले आणि पळसाच्या पानांवर मांडून बांधाबांधावर ठेवून आले. घरात आम्हाला याचा पत्ता नव्हता.

आमचा वरचा बांध डोंगरातल्या वाडीच्या वाटेला लागून. तिथंच वाडीच्या लोकांचा वाघोबाचा शेंदरी दगड. आबांनी गोळे ठेवले त्याच दिवशी वाघबारस होती. त्या दिवशी वाडीची माणसं दगडापुढं पानावर नैवेद्य ठेवतात, आणि दुसऱ्या दिवशी पोरं तो उचलतात. पण वाडीची रीत अशी, की पहिला घास थोरामोठ्यांना द्यायचा, मगच आपण खायचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या वर्गातली बुधी वाडीवरून पळत शाळेत आली. हातात पळसाचं पान, पानावर दोन गोळे. ते तिनं बाईंपुढं धरले आणि म्हणाली, "बाई, वाघोबाचं हाय. आदी तुमी खावा."

बाईंनी एक गोळा उचलला, सवयीनं नाकाशी नेला, आणि त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. लसणासारखा उग्र वास मलाही आला. आमच्या पडवीतल्या औषधाच्या डब्याला तोच वास होता.

"तू खाल्लंस?"

"न्हाई बाई. तुमी खाल्ल्याबिगर कसं खाऊ?"

"आणखी कुणाला दिलंस?"

"धाकल्याला एक दिला. घरी हाय त्यो."

बाई तशाच उठल्या. चढणीवर त्यांची एक चप्पल राहिली, ती मी उचलली. त्या वाटेवर मी इतकी भ्याले होते, की देवाचं नाव घ्यायचंही सुचलं नाही. एवढंच वाटत होतं, वाट संपूच नये.

बुधीचा धाकटा भाऊ सोम्या दारात बसला होता. गोळा मुठीत घट्ट आवळलेला, गूळ पाघळून बोटांतून गळत होता. बुधीला बघून त्यानं विचारलं, "बाईंनी खाल्ला का गं? खाऊ का मी?" बाईंनी त्याचं एकेक बोट सोडवलं, राखेनं हात चोळचोळून धुतले, आणि मग तिथंच दारात बसून मोठ्यानं रडल्या. मोठं माणूस असं रडताना मी पहिल्यांदाच पाहिलं, आणि त्याचीही मला भीती वाटली.

दुपारी आबांना कळलं. प्रत्येक बांध पालथा घालून त्यांनी गोळे वेचले आणि खोल खड्ड्यात पुरले. आठवड्याभरात गावातल्या घराघरांतलं औषध नाहीसं झालं.

बाई मात्र खूश नव्हत्या. उन्हाळ्यात त्यांची बदली झाली, तेव्हा आबा त्यांची ट्रंक घेऊन स्टेशनावर आले. बाई म्हणाल्या, "दोन वर्षं मी या मुलांना दया शिकवत होते. गावानं ऐकलं ते भीतीनं."

आबांनी ट्रंक खाली ठेवली. मग म्हणाले, "दयेला टाइम लागतोय बाई. भ्या लगीच येतं. येईल ती मागनं."

आबांची दया कधी आली, मला सांगता येणार नाही. पण हातपाय चालत होते तोवर ते बाईंचा तो पिंजरा ओढ्यापलीकडं नेऊन उघडत, आणि उंदीर बाहेर पडला की आपणच दोन पावलं मागं सरत.