डाव्या हाताचा घुमारा

दिनांक २० जानेवारी १९८५, रविवार. रक्कम रुपये आठशे सेहेचाळीस : कार-टेपचे सहाशे चाळीस, दोन स्पीकरचे एकशे ऐंशी, तार, स्क्रू आणि चिकटपट्टीचे सव्वीस. हजर : मी, माझी बायको आणि माझी माय. जागा : इंदोऱ्यातल्या आमच्या घरासमोर, कडुलिंबाखाली उभी असलेली आमची जुनी मोटार. मजुरी यात धरलेली नाही, कारण काम मी स्वतः केलं होतं. गल्लीच्या तोंडाशी दुकान असलेल्या रेडिओवाल्याने साठ रुपये सांगितले होते. तो माझा शाळेपासूनचा सोबती, पण चार स्क्रू आणि चार तारांचे साठ मला जड वाटले.

हा सगळा खर्च एका कॅसेटसाठी होता. माझे वडील ढोलकी वाजवायचे. छप्पन्न सालच्या धर्मांतरानंतर आमच्या घरातून देव गेले, ढोलकी राहिली. ती विहारातल्या भजनाला जाऊ लागली. ते वारण्याच्या आधीच्या वर्षी मी एका बैठकीचं रेकॉर्डिंग केलं होतं. त्याच्या शेवटी पाच मिनिटं नुसती त्यांची ढोलकी आहे. आधी ते एकदा खोकतात, मग सुरू करतात. घरातल्या छोट्या टेपवर माय ती पाच मिनिटं रोज दुपारी ऐके. कान मशीनला लावून ऐकावं लागे, कारण तो डबा वीतभर लांबीचा आणि त्याचा आवाजही तेवढाच. मी तिला शब्द दिला होता, की मोटारीत बसवतो, दोन मोठे स्पीकर लावतो, तू मधात बस. बाबा समोर बसून वाजवतात असं वाटेल.

तीन रविवार गेले. मागच्या काचेखालच्या फळीला मी कंपास लावून दोन गोल कापले. दोन्ही बाजूंना काठापासून बरोबर सात इंच सोडले. तारा लाल आणि काळी, दोन्हीकडे एका मापाच्या. प्रत्येक स्पीकरला मागे दोन पिना होत्या. लाल तार दाराकडच्या पिनेला, काळी आतल्या पिनेला. डावीकडे तसं, उजवीकडेही तसंच. मागून पाहिलं तर दोन बाजू आरशात पाहावं तशा जुळत होत्या. दोन्ही स्पीकरांच्या एकेका पिनेजवळ लाल रंगाचा ठिपका होता. आमच्या कचेरीच्या भांडारात मोजून, तपासून घेतलेल्या वस्तूवर मीच लाल शाईचा ठिपका देतो. तेव्हा दोन्ही स्पीकर तपासलेले आहेत हे पाहून मला समाधानच वाटलं.

सकाळी साडेनऊला मायला मागच्या सीटवर मधोमध बसवलं. तिने धुतलेलं लुगडं नेसलं होतं, हातात बटवा. बायको पुढे टेपजवळ बसली. मी दार धरून उभा राहिलो. कॅसेट आत गेली. बाबा खोकले. तो खोकला इतका स्पष्ट आला की बायकोने मागे वळून पाहिलं.

मग ढोलकी सुरू झाली, आणि मला कळेना काय होतंय. उजव्या हाताची टणटणीत थाप येत होती, पण पातळ, पत्र्यावर खडे पडावेत तशी. खालचा घुमारा नव्हताच. मायने अर्धं मिनिट ऐकलं.

"बाबू, तुह्या बापाचा डावा हात कुठं गेला?"

मी म्हणालो, आवाज वाढवतो. वाढवला, तर खडेच वाढले. तिने हाताने बंद कर अशी खूण केली. "राहू दे. माहा डबाच बरा. त्यात दोन्ही हात हायेत."

ती उतरून ओट्यावर जाऊन बसली. एकशे ऐंशी रुपयांच्या दोन स्पीकरांत नव्हतं ते तिच्या डब्यात होतं. बाबांचा डावा हात वस्तीत प्रसिद्ध होता. बैठकीत तो घुमारा लागला की लोक उठून ढोलकीवर रुपया-दोन रुपये ठेवत. असे पैसे नाकारायचे नसतात अशी आमच्याकडची रीत आहे; नाकारले तर ऐकणाऱ्याचा अपमान होतो. तोच हात मी पुसून टाकला होता.

मी वहीतला नकाशा काढून एकेक जोड तपासला. सगळं नकाशाप्रमाणे होतं. स्पीकर खराब म्हणावे तर दोन्ही एकदम कसे? तेवढ्यात बायको पुढे बसल्या बसल्या बटणं फिरवून पाहत होती. टेपला एक बटण असं होतं की ते डावीकडे फिरवलं की फक्त डावा स्पीकर वाजतो, उजवीकडे फिरवलं की फक्त उजवा. तिने ते डावीकडे नेलं आणि मोटारीत धूम करून घुमारा उठला. मी दचकलो. तिने उजवीकडे नेलं, तरी घुमारा. मधात आणलं, गायब.

"जी, दोघं एकेकटे वाजून राहिले, अन् संगतीने नाही," ती म्हणाली.

मी तिला ते बटण सहा वेळा फिरवायला लावलं. सहाही वेळा तसंच झालं. बावीस वर्षं मी बेरजा केल्या, पण एक आणि एक मिळून शून्य होताना प्रथमच पाहत होतो, नव्हे, ऐकत होतो. डावा हात कुठे गेलेला नव्हता. तो दोन्हीकडे होता, आणि कुठेतरी जमेचा आकडा खर्चात पडला होता. मी चपला न घालता गल्लीच्या तोंडाशी पळालो.

रेडिओवाला शटर अर्धं उघडून चहा पीत होता. माझ्या अनवाणी पायांकडे पाहून म्हणाला, "काहून गा साहेब, साठ रुपये वाचले म्हणे?"

मी सगळं एका दमात सांगितलं. त्याने बशी खाली ठेवली, खिशात एक पेन्सिल सेल टाकला आणि माझ्यामागून निघाला. मोटारीपाशी आल्यावर त्याने डिकीत वाकून वर पाहिलं आणि एकच विचारलं.

"लाल ठिपक्याच्या पिनेले कोणती तार लावली?"

मी म्हणालो की तो ठिपका तपासणीचा आहे.

तो डिकीत डोकं ठेवूनच हसला, त्यामुळे हसू घुमून बाहेर आलं. "तपासणीचा? मंग सही कोणाची हाये त्यावर?"

मग त्याने दोन्ही स्पीकरांच्या जाळ्या काढल्या आणि तारा टेपपासून सोडवल्या. डाव्या स्पीकरच्या तारांना सेल टेकवला, लाल तारेला सेलचं टोक, काळीला बूड. कागदाचा पडदा टप् करून बाहेर उचलला गेला. उजव्याला तसाच टेकवला. पडदा आत दबला. मी सेल त्याच्या हातातून घेतला आणि स्वतः करून पाहिलं. बाहेर. आत. बाहेर. आत. एक हवा ढकलत होता तेव्हाच दुसरा ओढत होता, आणि मधात बसणाऱ्याच्या वाट्याला काही उरत नव्हतं. ठिपका लाल तारेची पिन दाखवत होता. दोन्ही स्पीकरवर तो डाव्या पिनेजवळ होता. डावीकडे ती पिन दाराकडची, उजवीकडे मात्र आतली. माझ्या नीटनेटकेपणानेच चूक केली होती. दोन बाजू आरशासारख्या जुळवायला नको होत्या, एकसारख्या ठेवायला हव्या होत्या.

त्याने मलाच पक्कड दिली. उजव्या स्पीकरच्या दोन तारा मी अदलाबदल केल्या, फक्त दोन. पुन्हा सेल टेकवला. डावा बाहेर, उजवाही बाहेर. तारा परत टेपला जोडल्या. घड्याळात अकराला दहा कमी होते.

माय यायला तयार नव्हती. ओट्यावरूनच म्हणाली, "आता काय दाखवतं, बाप्पा." रेडिओवाल्याने तिला हात दिला. "चाल वं माय, तुह्या पोराने हिशेब दुरुस्त केला." ती येऊन मधोमध बसली, बटवा मांडीवर. बायकोने बटण मधात आणून सोडून दिलं.

बाबा खोकले. मग डाव्या हाताची पहिली थाप पडली, आणि ती मी आधी पायांत ऐकली, मोटारीच्या पत्र्यातून. मायचा पदर हलल्यासारखा वाटला. तिचा डावा तळवा सीटवर पडत होता, घुमाऱ्याच्या जागी, एकही न चुकता. पाच मिनिटांत मी श्वास मोजला नाही की घड्याळ पाहिलं नाही. टेप संपला तेव्हा ती म्हणाली, "हाच. वाजवतानी असाच पुढं वाकत होता." आणि पुन्हा लाव म्हणाली.

दुसऱ्यांदा संपल्यावर मी खिशातून साठ रुपये काढले. रेडिओवाला मागे सरला. म्हणाला की तारा तू बदलल्या, मी सेल टेकवला, सेलही परत माझ्याच खिशात आहे, पैसे कशाचे? मी आग्रह केला, त्याने माझी मूठ मिटवली. आम्ही दोघं तसेच हात धरून उभे असताना मायने बटवा सोडला, चुरगळलेली एक नोट काढली, मांडीवर सपाट केली आणि मोटारीच्या दारातून त्याच्यापुढे धरली. बैठकीत ढोलकीवर ठेवतात तशीच. त्याने माझ्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे, आणि दोन्ही हातांनी ती घेऊन कपाळाला लावली.

अखेर दिले गेले ते रुपये दोन, मायकडून, रेडिओवाल्याला.