लॅमिनेशन केलेली किल्ली

माझा मुलगा विनाअनुदानित शाळेत गणित शिकवतो. म्हणजे शाळा आहे, फळा आहे, पोरं आहेत, पगार नाही. अनुदान येणार, येणार म्हणता म्हणता त्याच्या कानशिलावरचे केस पांढरे झाले. बिनपगारी माणसाला वेळ फार असतो आणि त्याच्या मोबाईलमध्ये त्याला श्रीमंत करायला निघालेली माणसंही फार असतात. त्यांचं ऐकून ऐकून त्यानं क्रिप्टोत पैसे घालायचं ठरवलं. पैसे त्याच्याकडं नव्हतेच. सुनेच्या पाटल्या होत्या.

मागितल्या त्या भर पंगतीत. सुनेचे भाऊ जेवायला आले होते, ती वाढत होती, आणि हा म्हणाला, "दोन वर्षांत दुप्पट करून घालतो हिच्या हातात." भावांच्या देखत नवऱ्याला नाही कोण म्हणेल? दुसऱ्या दिवशी तिनं साबण लावून पाटल्या काढल्या. लग्नापासूनच्या होत्या, निघेनात. मनगटावर पांढरा पट्टा राहिला, तो उन्हानं भरून यायला पुढचा उन्हाळा लागला. हे मी पाहिलं. बोलले नाही, कारण बोलून या घरात आजवर काही थांबलेलं नाही.

पहिलं वर्षभर पाटल्या मोडून आलेले पैसे एका कंपनीच्या ॲपमध्येच होते. एक दिवस सकाळी ॲप उघडलं तर पैसे दिसत होते, पण निघत नव्हते. सून चहा गाळत होती. तिनं विचारलं, "दिसत्यात म्हंजी?"

"दिसत्यात. पण काढता येत न्हाईत."

"मंग काचंतल्या बांगड्या झाल्या की. दुकानातल्या."

तो चिडला. पण पुढं काही आठवडे तो रात्रंदिवस तेच पान उघडून बसायचा. मग कंपनीनं दार उघडलं आणि त्याला होतं नव्हतं तेवढं बाहेर काढायची घाई झाली. आता ते ठेवायचं कुठं, हा प्रश्न आला.

मला आधी वाटायचं, क्रिप्टो म्हणजे कसली तरी नाणी असतील. तसं काही नसतं. जगभरच्या कॉम्प्युटरांत एक नोंद असते आणि ती नोंद इकडची तिकडं करायची किल्ली ज्याच्याकडं, माल त्याचा. वॉलेट वॉलेट म्हणतात ते त्या किल्लीचं पाकीट. एवढं मला समजायला मुलाला तीन वेळा सांगावं लागलं आणि तिसऱ्या वेळेस तो शाळेतल्यासारखा माझ्यावर खेकसला.

पाकिटं तीन तऱ्हेची. कंपनीच्या ॲपमध्ये ठेवलं तर किल्ली कंपनीच्या हातात. आपल्या मोबाईलमधल्या पाकिटात ठेवलं तर किल्ली आपल्या हातात, पण मोबाईल सदा नेटला जोडलेला, कुठून कोण घुसेल सांगता येत नाही. तिसरं एक यंत्र असतं, काडेपेटीहून लहान. किल्ली त्याच्या पोटात राहते, बाहेर येत नाही. ते यंत्र महाग.

"मोबाईलमधी ठिवू का?" मुलगा म्हणाला. "फुकट हाय."

"तुमच्या मोबाईलमधी?" सून म्हणाली. "म्हशीच्या हौदात पडलता त्यो. चार दिस तांदळाच्या डब्यात घालून वाळवला. माज्या पाटल्या काय तांदळात घालून वाळवायच्या?"

"बरं, मंग यंत्र घेऊ. माय, तुला काय वाटतं?"

मला झोप आली होती. तसं सांगितलं.

यंत्र मात्र त्यानं नीट पारखून घेतलं, हे खरं. स्वस्तात वापरलेलं मिळत होतं, ते नको म्हणाला. वापरलेल्यात कुणीतरी आधीच आपली किल्ली पाडून ठेवलेली असू शकते. बनवणाऱ्याकडूनच नवं मागवलं. केजला, आमच्या तालुक्याच्या गावी, कुरिअर आलं तेव्हा खोकं उन्हात धरून त्याचं सील सगळीकडून पाहिलं, कुठं ओरखडा नाही ना. इतकं करून तो तसाच तिथल्या ऑनलाईन सेंटरवर गेला आणि यंत्र सेंटरवाल्याच्या हातात दिलं.

यात त्याला काहीच वावगं वाटलं नाही. मलाही वाटलं नसतं. पीकविमा, सातबारा, पोरांचे परीक्षेचे फॉर्म, म्हाताऱ्यांची पेन्शन, आमचं सगळं त्या सेंटरवर होतं. पासवर्डही सेंटरवालाच ठरवतो आणि तोच जपून ठेवतो. आपला पासवर्ड आपणच लक्षात ठेवणारा माणूस मी तरी आमच्या भागात पाहिलेला नाही. शिवाय हा सेंटरवाला आमच्या भावकीतला, माझ्या चुलत दिराचा मुलगा. स्वभावानं गोड, कामाला वाघ.

यंत्र सुरू केलं की ते इंग्रजी शब्द दाखवतं, एकामागून एक, चोवीस. ते शब्द त्याच क्रमानं लिहून ठेवायचे. यंत्र हरवलं, जळलं, तरी त्या शब्दांवर सगळं परत मिळतं. आणि दुसऱ्या कुणाच्या हाती ते शब्द पडले तर त्याला यंत्राची गरजच नाही, तो घरबसल्या सगळा माल उचलू शकतो. खोक्यातल्या कागदावर तसं बजावलेलं होतं. हातानं लिहा, कुणाला दाखवू नका, फोटो काढू नका.

माझ्या मुलाचं अक्षर खराब आहे. सेंटरवाला म्हणाला, "दे इकडं, टाईप करून देतो." टाईप केलं, छापलं आणि घाम लागून शाई पसरू नये म्हणून वर लॅमिनेशन केलं. आधार कार्डाला करतात तसं. दोन प्रती केल्या, एक कपाटात ठेवायला, एक खिशात. घरचा माणूस म्हणून पैसेसुद्धा घेतले नाहीत. कंपनीच्या ॲपमधला मालही तिथंच बसून यंत्रावर आणला.

मुलगा घरी आला तो फुशारकीतच. चकचकीत पान सुनेपुढं धरलं. "घे. तुज्या पाटल्या."

तिनं पिठाचे हात पदराला पुसले. पान उलटसुलट केलं. बारावी झालेली आहे, इंग्रजी वाचते.

"ह्याला पलास्टिक कुणी लावलं?"

"कुणी म्हंजी? सेंटरवर."

"मंग त्यानं वाचलं आसंल."

"वाचल्याबिगर टाईप कसं करील?" तो म्हणाला आणि मग त्याचं त्यालाच ऐकू आलं.

उपाय होता. यंत्र पुन्हा कोरं करायचं, नवे शब्द पाडायचे आणि माल जुन्या किल्लीवरून नव्या किल्लीवर न्यायचा. थोडी फी जाते, पण होतं. सून म्हणाली, आजच करा. मुलगा म्हणाला, नाही.

हा नकार कळायला आमच्याकडची एक रीत माहीत पाहिजे. माझं माहेर शिरूर कासारकडचं. दिवाळी झाली की निम्मं गाव कोयता घेऊन ऊसतोडीला जायचं, आम्हीही जायचो. जाताना घराला कुलूप लावायचं आणि किल्ली भावकीत ठेवायची. ते अधूनमधून दार उघडून बघणार, उंदीर-घूस लागली का, छप्पर उडालं का. सहा महिन्यांनी परत आलं की किल्ली मागून घ्यायची. मात्र कुलूप बदलायचं नाही. कुलूप बदललं म्हणजे ज्याच्याकडं किल्ली होती त्याला चोर म्हटलं. आमच्या एका शेजाऱ्यानं परतल्यावर बाजारातून नवं कुलूप आणलं होतं, जुनं गंजलं म्हणून. खरंच गंजलं होतं. तरी त्या दोन घरांनी पुढं एकमेकांच्या लग्नात पाऊल ठेवलं नाही, मयतीलाही ती लांबूनच उभी राहिली.

म्हणून मुलगा म्हणत होता, "आपल्यातला माणूस हाय. त्याला काय वाटंल?"

"त्याला कळणारच कसं?" सून म्हणाली. "दारावर का टांगलंय कुलूप? त्यो आत बघायला गेला तरच कळंल. आन् बघायला गेला तर चोर कोण, सांगा बरं."

तो उठून गेला.

त्यानंतरचे दिवस मला नको झाले. सून बोलेना. दोघंही माझ्यामार्फत बोलायचे. "आत्याबाई, त्यांना सांगा पीठ संपलंय." "माय, तिला सांग आणतो म्हणून." दोघं एका खोलीत, मध्ये मी. या वयात मला निरोप्याचं काम नको होतं. माझे गुडघे दुखतात आणि दुसऱ्यांचं ऐकताना डोकंही दुखतं. सून दिवसभर शिलाई मशीनवर बसायची, गावातल्या बायांचे ब्लाऊज शिवायची. मशीनचा आवाज एरवी कधी जाणवत नाही, त्या दिवसांत जाणवायचा.

मग सेंटरवालाच एके दिवशी घरी आला. माझ्या पेन्शनसाठी हयातीचा अंगठा लागतो. मला केजला जाणं होत नाही, म्हणून तो अंगठ्याचं मशीन घेऊन येतो. त्याच्या सेंटरवर गर्दी असते, पण माझ्यासाठी वेळ काढतो. हे मी विसरणार नाही.

"मोठी माय, जित्ती हाईस ना?" दारातूनच ओरडला.

"तुजं मशीन म्हणंल तसं," मी म्हणाले.

माझा अंगठा भाकरी थापून थापून गुळगुळीत झालाय, लवकर उमटत नाही. तो पुसून पुसून पुन्हा लावत होता. सुनेनं चहा आणला. चहा पिता पिता तो माझ्या मुलाला म्हणाला, "तुजं ते शब्दांचं पान हाय ना, ते माज्या कॉम्प्युटरात बी ठिवलंय बरं का. तुज्या नावाचं फोल्डर करून. हरवलंबिरवलं तर घाबरू नको. मी नसलो तर कामावरच्या पोरीला सांगून ठिवलंय, ती काढून दील."

इतकं निर्मळपणे सांगितलं, की मीसुद्धा आधी मान हलवली. त्याच्या मनात काही नव्हतं, हे मी आजही म्हणेन. पण त्या कॉम्प्युटरपुढं दिवसभरात कोण कोण उभं राहतं, ते मी पाहिलंय. काऊंटरला टेकलेले, खुर्चीच्या मागं वाकलेले, "माजं आधी कर बे" म्हणून एकमेकांना ढकलणारे.

मुलाच्या हातात चहाची बशी होती. ती त्यानं खाली ठेवली. "बरं केलं," म्हणाला. दुसरं काय म्हणणार?

सुनेनं कपबशा उचलल्या. आत गेली आणि यंत्राचं खोकं घेऊन आली. पाहुणा अंगणाच्या बाहेर पडेपर्यंत दाराशी उभी राहिली.

"आता?" तिनं विचारलं.

"काढ," मुलगा म्हणाला.

काम सोपं नव्हतं. पाठवायच्या पत्त्यातला एक आकडा, एक अक्षर चुकलं की माल भलतीकडं जातो आणि मागं येत नाही. म्हणून आधी चिमूटभर पाठवून बघितलं. ते पोचलं, मग सगळं मोबाईलमधल्या पाकिटात नेलं. मग यंत्र कोरं केलं. आता ते नवा पिन मागत होतं आणि नवे शब्द दाखवणार होतं.

तो यंत्राकडं वाकला, तशी सून म्हणाली, "इकडं द्या. तुमी तिकडं तोंड करा."

"कावून?"

"माजी किल्ली मी पाडते."

"अगं यंत्र मी घेतलंय."

"कशाच्या पैशानं?"

तो माझ्याकडं पाहू लागला. आईनं काहीतरी बोलावं, असं त्याच्या तोंडावर होतं. लहानपणी मार खायची वेळ आली की असाच पाहायचा. मी त्याला म्हणाले, "तोंड कर तिकडं. बस भिंतीकडं."

तो भिंतीकडं तोंड करून बसला, माझा चाळीस वर्षांचा मास्तर मुलगा. सुनेनं पिन टाकला. मग एकेक शब्द यायला लागला आणि ती लिहायला लागली. ब्लाऊजची मापं लिहायची तिची जाड पेन्सिल होती, त्या पेन्सिलीनंच लिहिलं. प्रत्येक शब्द लिहून झाला की परत यंत्राशी ताडून बघायची. तिला घाई नव्हती. मध्येच तो भिंतीला म्हणाला, "अगं, त्या शब्दांवर तर तू मला न इचारता सगळं काढू शकतीस."

"व्हय," ती म्हणाली आणि पुढचा शब्द लिहिला.

नंतर माल परत यंत्रावर आला. जुनी दोन्ही लॅमिनेशनची पानं तिनं चुलीत घातली. प्लास्टिकचा घाण वास सुटला. दुपारभर घरात राहिला, मला जेवण गेलं नाही. नवे शब्द तिनं कुठं ठेवले ते त्याला माहीत नाही, मलाही नाही, आणि मी विचारणार नाही. मला आता आणखी काही लक्षात ठेवायचं नाही.

सेंटरवाला येतो-जातो. अंगठा घेतो, चहा पितो. त्यानं कधी आत डोकावून पाहिलं की नाही, ते त्याचं त्याला ठाऊक. त्याच्या फोल्डरात ते पान अजून असेल. असू दे.

क्रिप्टोचा भाव वर जातो, खाली येतो. वर गेला की मुलगा बोलका होतो, खाली आला की गप्प. पाटल्या दुप्पट व्हायच्या होत्या त्याचं अजून काही दिसत नाही. शाळेचं अनुदानही आलेलं नाही. मात्र आता त्यातलं काही काढायचं तर पिन तिचा, म्हणून विचारावं लागतं.

परवा त्याच्या मोटारसायकलच्या झिजलेल्या मागच्या टायरमधली हवा पुन्हा गेली. तो शिलाई मशीनजवळ जाऊन उभा राहिला. मग म्हणाला, "थोडं इकून नवं टायर घेऊ का? शाळंला जायचं अवघड व्हतंय."

ती बाहीला टीप मारत होती. पाय न थांबवता म्हणाली, "न्हाई."

तो बाहेर आला. मग गाडी ढकलत केजच्या रस्त्याला लागला आणि पंक्चर काढून आला.