सोवळा ट्रान्सफॉर्मर

“दोन वाइंडिंग कशाला? एकच पुरे,” असं म्हणून दामूशेठनी माझ्या हातातली तांब्याच्या तारेची रीळ काढून घेतली, ड्रॉवरमध्ये टाकली आणि कुलूप लावलं.

दामूशेठ माझे मालक. पनवेलच्या बाजारात त्यांचं लाउडस्पीकर भाड्याने देण्याचं दुकान होतं. मी रेडिओची परीक्षा पास झालेला त्यांचा एकुलता एक ‘इंजिनियर’. एकसष्ट-बासष्ट साल असेल. पनवेलात वीज होती, पण खाडीकडच्या गावांत नव्हती. तिथे लग्नाला स्पीकर लावायचा तर ट्रकची बारा व्होल्टची बॅटरी न्यायची. आमच्या ॲम्प्लिफायरच्या काचेच्या व्हॉल्व्हना मात्र तीनशे व्होल्ट लागायचे. बाराचे तीनशे करायचे कसे, हा माझा प्रश्न होता.

गिऱ्हाईक होते हिराजी पाटील, मिठागरवाले आगरी. मुलीचं लग्न काढलं होतं. “मास्तर, माजी भईन बामी हाय ना, ती आमची धवलारीन. तिचा गला बसलाय,” ते म्हणाले. “गाववाले बोलतान, दुसरीला बोलवा. पोरगी बोलते, आत्याच गाईल, नायतर मी मांडवान बसनार नाय.”

आगरी लग्नात भट उशिरा आला तरी चालतं, धवलारीण लागतेच. सगळे विधी तिच्या गाण्यांवर चालतात. ती एक ओळ म्हणते आणि बायका ती उचलून परत म्हणतात. बामीबायने गावातली निम्मी लग्नं लावली होती. आता भाचीच्याच लग्नात तिचा मान दुसऱ्या गावच्या बाईला जाणार होता. तो राखायचा तर माइक हवा.

माझ्यापुढे तीन रस्ते होते. पहिला डायनामोटर. म्हणजे एकाच दांड्यावर मोटर आणि जनरेटर. लष्कराच्या भंगारातला एक आमच्याकडे होता. तो घरघरत बॅटरी अशी प्यायचा की मुहूर्ताआधीच तिचा निकाल लागला असता. दुसरा, ट्रान्झिस्टर. नवी चीज होती, आवाज नाही, वजन नाही. पण ते जर्मेनियमचे ट्रान्झिस्टर उन्हात मान टाकत, आणि लग्न होतं भर मे महिन्यात, मिठागरात. तिसरा, व्हायब्रेटर. त्यात लोखंडाची पातळ पट्टी असते. व्होल्ट वाढवणाऱ्या ट्रान्सफॉर्मरला बॅटरीचा सरळ करंट कळत नाही, त्याला उलटसुलट करंट लागतो. ही पट्टी थरथरत तो करंट उलटसुलट करून देते. मधमाशीसारखी गुणगुणते एवढंच. मी व्हायब्रेटर निवडला. इथपर्यंत शेठही खूश होते.

भांडण पुढे झालं. माझ्या ट्रान्सफॉर्मरात दोन वेगळी वाइंडिंग, म्हणजे तारेची वेटोळी, होती, एक बॅटरीकडचं, एक तीनशे व्होल्टचं. दोघांचा एकमेकांशी तारेने काही संबंध नाही. शेठना एकच वाइंडिंग हवं होतं, त्यालाच मधून फाटे फोडायचे. तार वाचते, ट्रान्सफॉर्मरचा डबा हलका होतो.

“शेठ, त्यात बॅटरी आणि तीनशे व्होल्ट एकाच घरात नांदतात,” मी म्हणालो. “माइकचा लोखंडी दांडा ॲम्प्लिफायरच्या पत्र्याला जोडलेला. तो आणि बॅटरी यांच्यात शे-दीडशे व्होल्टची ओढ राहते. बॅटरीला ओल लागली, आणि अनवाणी बाईने त्याच ओलीत उभं राहून दांडा धरला, की मधली तार तीच.”

शेठनी स्वतः गुंडाळवून घेतलेला एकाच वाइंडिंगचा डबा जोडून सेट चालू केला, दांडा हाताने धरला आणि “हॅलो, हॅलो” केलं. पायात रबरी चपला, फरशी कोरडी. काय होणार?

“चालतंय ना? मग कशाला काड्या करतोस? बॅटरी ट्रकातच राहील, मग तर झालं?”

मग मी त्यांना त्यांच्या भाषेत सांगायला गेलो. शेठचं सोवळं कडक. आगऱ्यांच्या लग्नाचं भाडं चाले, पाणी चालत नसे. स्वतःचा तांब्या घेऊन ट्रकात बसायचे. मी म्हटलं, “दोन वाइंडिंग म्हणजे सोवळं समजा. शिवायचं नाही, पण काम तर एकमेकांच्याच जिवावर.”

हे त्यांना झोंबलं. मी जुन्या ट्रान्सफॉर्मरांची तार उकलली, घरी बसून माझा दोन वाइंडिंगचा डबा तयार केला, त्यावर खडूने ‘सोवळा’ लिहिलं आणि स्पेअर म्हणून ट्रकच्या सीटखाली सरकवला. मालकाशी भांडावं, पण पोटापाणी सांभाळून.

लग्नाच्या दिवशी पहिली माशी शिंकली ती बांधावर. मिठागराच्या बांधावरून ट्रक जाईना. बॅटरी डोक्यावरून मांडवात गेली. मी स्पीकरचा हॉर्न बांधायला बांबूवर चढलो, खाली शेठनी आपला डबा जोडला आणि ते ट्रकात जाऊन बसले. खाली उतरून पाहतो तर बॅटरीभोवती मिठाचा ढीग आणि त्यावर ओतलेल्या दोन घागरी पाणी. ओघळ थेट माइकच्या स्टँडपर्यंत.

“हे कोणी केलं?”

“मी,” हिराजी कौतुकाने म्हणाले. “तुमीच दुकानान बोललाव ना, अर्थिंगला मीठ-पानी लागतं. मिठाला काय कमी हाय आमच्याकरं?”

बोललो होतो. पण जमिनीत ठोकायच्या सळईबद्दल, आणि तेही मूठभर मीठ. सळई ट्रकातच पडून होती. हिराजींनी जमिनीवर ठेवलेली सगळ्यात जड वस्तू म्हणजे अर्थिंग, असा हिशेब केला होता आणि पाटीभर मीठ ओतलं होतं.

वर पाहिलं तर बामीबाय लाकडी पाटावर उभी, दांडा हातात, गाणं सुरू. तिचा बसलेला आवाज हॉर्नमधून सगळ्या आगरात चालला होता. बायका ओळ उचलत होत्या. समोरून नवरीला आणत होते. नवरी जवळ आली की बामीबाय पाटावरून खाली उतरणार, अनवाणी, त्या ओघळात.

मी बॅटरीची क्लिप उपटली.

हॉर्न मुका झाला. मांडव खवळला. शेठ ट्रकाकडून ओरडत आले, “अरे, मुहूर्ताला काय हे!”

“बाय, उतरू नका, आणि थांबूही नका!” मी ओरडलो.

बामीबायने माझ्याकडे एकदा पाहिलं. हॉर्न नव्हता, गळा नव्हता, पण ती ओठांनी ओळ सांगत राहिली. पुढच्या बायकांनी ती उचलली, मागच्यांनी त्यांची. गाणं तुटलं नाही. मी ट्रकाकडे धावलो, सीटखालून डबा काढला, आणून जोडला. पट्टी गुणगुणली, हॉर्नला वाचा फुटली. बामीबाय पाटावरून उतरली, पाय ओघळात, हात दांड्यावर, आणि भाचीचं लग्न तिनेच लावलं. मला रडू येत होतं, ते मी घामात खपवलं.

अक्षता पडल्यावर शेठनी मला सगळ्यांसमोर धरलं. “माझा डबा चालत होता की नव्हता?”

“चालत होता. दाखवतो.”

मी त्यांचा डबा परत जोडला. सगळ्यांना लांब केलं. घरातला पंधरा वॅटचा बल्ब लांब वायरींसह आणलाच होता. एक टोक दांड्याला बांधलं, दुसरं टोक खिळ्याला गुंडाळून खिळा ओघळात खुपसला. बॅटरी जोडली. मांडवाच्या सावलीत बल्ब लाल झाला.

गावात विजेचा दिवा पेटण्याची ती पहिली वेळ. पोराटोरांनी टाळ्या वाजवल्या. बामीबाय मात्र बल्बकडे, मग आपल्या ओल्या पायांकडे बघत राहिली.

“शेट,” ती घोगऱ्या आवाजात म्हणाली, “ह्यो दिवा माज्या अंगान लागनार व्हता?”

दामूशेठ मटकन खाली बसले. त्यांच्या तोंडाला कोरड पडली. स्वतःचा तांब्या ट्रकात राहिला होता. बामीबायने आपल्या घागरीतून पाणी ओतून पेला पुढे केला. शेठनी कोणाकडे न बघता तो रिकामा केला आणि दुसरा मागितला.

दुसऱ्या दिवशी ड्रॉवरला कुलूप नव्हतं. रीळ माझ्या टेबलावर होती. त्यानंतर कुठलाही डबा भाड्याने निघाला की शेठ दारातून ओरडून विचारायचे, “सोवळा आहे ना रे?”

इतकी वर्षं ट्रान्सफॉर्मर गुंडाळून मी एवढंच शिकलो. सोवळं तांब्याच्या तारांत कसोशीने पाळावं. माणसांत पाळलं तर ऐन वेळी तहानेने मरायची पाळी येते.