दुखणं माळाकोळीपर्यंत आलं

ज्या उन्हाळ्यात लातूरला रेल्वेने पाणी आलं, त्या उन्हाळ्यात मी पाटबंधारे खात्यात कारकून होतो. किराणा दुकानात कुणी विचारलंच तर मी नुसतं "सरकारी नोकरी" म्हणायचो. गल्लीतल्या बायका टँकरपुढे घागरींवरून भांडत असल्या की मी मान खाली घालून भिंतीच्या कडेकडेने जायचो. जणू अख्खं मांजरा धरण मीच एकट्याने पिऊन बसलो होतो.

त्यात दादा आजारी. दादा म्हणजे माझे वडील. एसटीत कंडक्टर होते, उभी नोकरी नांदेड-लातूर गाडीवर गेली. रिटायर झाल्यावर अहमदपूरच्या घरी राहायचे, आई गेल्यावर मी त्यांना लातूरला आणलं. तिथं त्यांना कॅन्सर निघाला आणि तो निघाला तेव्हाच हाडांत उतरलेला होता. डॉक्टर म्हणाले, "आता बरं करणं आपल्या हातात नाही. दुखू न देणं आहे. घरी जमत नसेल तर अशा पेशंटसाठी वेगळ्या जागा असतात. तिथं शेवटपर्यंत सांभाळतात. दोन-चार बघून घ्या."

घरी जमत नव्हतं. दादा रात्ररात्र जागे असायचे आणि कुशीला वळवायला गेलं की आमच्या अंगावर ओरडायचे. पण बापाला अशा ठिकाणी ठेवणं म्हणजे बापाला घरातून काढणं, असं मला वाटत होतं. म्हणून मी जे करायला नको होतं तेच केलं. मामाला बोलावलं.

मामा म्हणजे आईचा भाऊ. अहमदपूरच्या विहाराच्या कमिटीवर आहे आणि आमच्या भावकीतल्या निम्म्या सोयरिकी त्याने जुळवल्या आहेत. मुलगी असो, प्लॉट असो, जुनी मोटारसायकल असो, बघायला जायचं म्हटलं की मामा पुढे. नांदेडहून आक्का आली. आक्का माझी मोठी बहीण. मी, बायको, मामा आणि आक्का असे चौघे लातूरमधली एक चांगली म्हणून सांगितलेली जागा बघायला निघालो. मामा पांढरे कपडे इस्त्री करून आला होता. त्या दिवसांत स्वच्छ धुतलेला कपडा दिसला की लोक वळून बघायचे.

जागा झकपक होती. फरशी चकचकीत, पडदे निळे, भिंतीवर टीव्ही. मॅनेजरने आम्हाला सोफ्यावर बसवलं. मामाने पाय दुमडून घेतले, घसा खाकरला आणि सुरुवात केली.

"पाण्याचं कसं हाय तुमच्याकडं?"

त्या वर्षी आमच्याकडे सोयरीक करतानाही पहिला प्रश्न हाच असायचा. मॅनेजरचा चेहरा फुलला. त्याने आम्हाला थेट गच्चीवर नेऊन टाक्या दाखवल्या. मामाने टाकीवर टकटक करून बघितलं आणि माझ्याकडे बघून मान हलवली.

"आपण मूळचे कुठले?" मामाने विचारलं.

"औशाचे."

"शेती?"

"आहे थोडी."

"भाऊ किती?"

मी मामाचा सदरा मागून ओढला. मामाने हात झटकला. तिकडे आक्का स्वयंपाकघरात शिरून पातेल्यावरचं झाकण उचलत होती. "वरण लई पातळ हाय की," ती म्हणाली. "ताई," स्वयंपाकीण म्हणाली, "सध्या लातुरात ज्याचं वरण पातळ, तो श्रीमंत."

मग चहा आला, बिस्किटं आली. मॅनेजर म्हणाला, "मग पेशंटला कधी आणताय?" मामाने बशी खाली ठेवली, उठून हात जोडले आणि उभ्या आयुष्याच्या सवयीने म्हणाला, "घरी जाऊन विचार करतो. कळवतो तुमाला."

ऑटोत बसल्यावर बायको म्हणाली, "आपण पेशंट एकबी बघितला न्हाई."

आम्ही एकमेकांकडे बघितलं. खरंच होतं. दुखणाऱ्या माणसाचं तिथं काय करतात, हे चौघांपैकी कुणीच विचारलं नव्हतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मामा मात्र म्हणाला, "माणसं खानदानी हाईत. मला पसंत हाय."

दादांना आम्ही काही सांगितलं नव्हतं. पण बारक्या घरात गुपित राहत नाही. मी आत गेलो तर ते छताकडे बघत म्हणाले, "कसं हाय मग स्थळ? हुंडा किती मागतेत?"

"दादा, तसं नाही..."

"खपवायला निघाले मला. बरं, एक विचारून आलास का? ते उदगीर नवा जिल्हा होणार म्हणून राहिलेत लोक. आपलं अहमदपूर तिकडं जाणार का?"

त्या दिवसांत ही चर्चा पारावर, पेपरात, सगळीकडे होती. दादांना तिच्यात फार रस होता. ते म्हणायचे, "मी बिदर जिल्ह्यात जन्मलो. उस्मानाबाद जिल्ह्यात नोकरीला लागलो. लातूर जिल्ह्यात रिटायर झालो. घर तेच, लिंबाचं झाड तेच. आता मरायला उदगीर जिल्हा. एवढा प्रवास मी एसटीतबी केला न्हाई."

दोन दिवसांनी त्या चकचकीत जागेची एक मुलगी दादांना तपासायला घरी आली. गोड बोलणारी होती. तिच्याकडे एक पुठ्ठा होता. त्यावर ओळीने गोल तोंडं काढलेली, पहिलं हसणारं, शेवटचं धाय मोकलून रडणारं. "आजोबा, तुमचं दुखणं कोणत्या चेहऱ्यासारखं आहे ते दाखवा."

दादांनी चष्मा मागितला. पुठ्ठा जवळ धरला, लांब धरला. मग म्हणाले, "पोरी, ह्यातलं एकबी तोंड आमच्याकडचं न्हाई."

ती हसली. मी लगेच मध्ये पडलो. "तसं थोडंसंच दुखतं त्यांना. रात्री जरा जास्त." दादांनी मधल्या एका तोंडावर बोट ठेवलं. तिने लिहून घेतलं, ताप आल्यावर देतात तसल्या गोळ्या दिल्या आणि गेली. नंतर दादा म्हणाले, "एवढ्या उन्हाची आली बिचारी. रडतं तोंड कुठं दाखवायचं तिला?"

गोळ्यांनी काही झालं नाही. त्या आठवड्यात दादांनी जेवणाचं ताट दोनदा ढकलून दिलं. मला वाटलं, त्यांना घरातून काढायचं चाललंय म्हणून ते माझ्यावर रागावलेत. मी बाथरूममध्ये जाऊन रडायचो. नळाला पाणी नव्हतं, त्यामुळे आवाज झाकायचीही सोय नव्हती.

आक्काचा फोन आला. नांदेडला तिच्या कॉलनीच्या मागे एका ट्रस्टची तसलीच जागा होती. ती म्हणाली, "ह्या खेपेला दादालाच घेऊन या. ज्याला राहायचं त्यालाच बघू द्या."

मामा म्हणाला, "मुलगी दाखवायला मुलीकडच्यांनी जायचं? उलटंच करून राहिले की तुमी." पण जीपमध्ये सगळ्यात आधी तोच जाऊन बसला.

दादांना मागे गादीवर निजवलं होतं. खिडकीतून त्यांना फक्त आभाळ दिसत होतं. तरी चाकूर, शिरूर, अहमदपूर, माळाकोळी, लोहा असं ते नुसत्या वळणांवरून आणि खड्ड्यांवरून ओळखून सांगत गेले. माळाकोळीला मामाला डुलकी लागली तर ओरडले, "झोपू नको. पुढं जाऊन उतरशील आन् भांडशील माझ्यासंगं."

नांदेडची जागा बघून मामाचं तोंड पडलं. भिंतींचे पोपडे निघालेले, पंखा करकरणारा, चहा स्टीलच्या पेल्यात आणि चहाबरोबर काहीच नाही. "बिस्कीटबी न्हाई," मामा माझ्या कानात म्हणाला. "स्थळ कमी हाय." पण खोलीत तीन-चार म्हातारी माणसं होती. त्यांतलं एक घोरत होतं. बायकोने मला कोपराने ढोसलं. "बघ. पेशंट."

तिथली सिस्टर पन्नाशीची, भोकरकडची. खुर्ची ओढून दादांच्या उशाशी बसली.

"दादा, कुठं दुखतंय?"

"कंबरेत," मी म्हणालो. "आणि उजव्या मांडीत. पण थोडंसंच."

"रात्री झोप लागते?"

"तुटक लागते," मी म्हणालो.

सिस्टरने माझ्याकडे बघितलं. "साहेब, दुखणं कुणाला हाय?"

"वडिलांना."

"मग तुमी जरा गप बसता का?"

मी गप बसलो. अंगाची लाही झाली, पण बसलो. सिस्टर म्हणाली, "दादा, न दुखणं म्हणजे शून्य, सोसवत न्हाई म्हणजे दहा. मग आता किती?"

"आकड्यात न्हाई सांगता येत."

"मग कशात येतं?"

दादांनी थोडा विचार केला. "असं धरा, नांदेडला काहीच न्हाई. गाडी उभी हाय. तिथनं निघालं की लोहा, माळाकोळी, अहमदपूर, शिरूर, चाकूर, लातूर. सकाळी उठलो की लोह्यापर्यंत आलेलं असतं. चालतं तेवढं. जेवणाच्या वक्ताला अहमदपूर."

"आन् आता?"

"आता चाकूर. तुमच्या ह्या रस्त्यानं."

"लातूरला पोचलं की काय होतं?"

दादा माझ्याकडे न बघता म्हणाले, "लातूरला पोचलं की हे पोरगं समोर उभं असतं, आन् कोण हाय ते कळत न्हाई मला."

"किती वेळा पोचतं?"

"रोज. दिवस मावळला की."

मी गप बसायचं विसरून म्हणालो, "दादा, मला का नाही सांगितलं? मी विचारायचो तर तुम्ही थोडंसं म्हणायचात!"

"तुला सांगून काय करू?" दादा वैतागून म्हणाले. "तू रडतो. मग तुला गप करायला मलाच उठून बसावं लागतं. कंबर तर त्यानंच लई दुखती."

आक्का तोंडाला पदर लावून हसायला लागली. बायकोही हसली. मीही हसलो, आणि हसताहसता दादा म्हणाले तेच करायला लागलो. "बघा," दादा सिस्टरला म्हणाले, "झालं सुरू."

सिस्टरने डॉक्टरांना फोन लावला. दादांसाठी मॉर्फिनच्या गोळ्या ठरल्या. मी नाव ऐकून दचकलो. "सिस्टर, त्याची सवय लागेल ना?" दादांनीच उत्तर दिलं. "लागू दे की. बिडी सोडली, तंबाखू सोडली. आता एखादी तरी सवय नको का माणसाला?"

दादा तिथंच राहिले. निर्णय मी घेतला नाही, आक्कानेही नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी सिस्टरने विचारलं, "कुठवर आलं?" दादा म्हणाले, "माळाकोळीला उभं हाय. पुढं यायचं काही दिसत न्हाई." मग मला म्हणाले, "मी हितं राहतो. तू लातूरला जा, तुझ्या साहेबाला सांग, धरणात पाणी न्हाई म्हणून."

मी गेलो नाही. रजा टाकली आणि आक्काकडे राहिलो. पुढे डोस वाढत-घटत गेला आणि सिस्टर दादांच्या कागदावर त्यांच्याच भाषेत लिहीत गेली. एक दिवस पुण्याहून नवीन पोरगेलासा डॉक्टर आला. कागद वाचताना त्याच्या कपाळावर आठ्या पडल्या. "सकाळी लोहा, दुपारी अहमदपूर, संध्याकाळी परत लोहा? एवढ्या सिरियस पेशंटला घेऊन कोण फिरतंय? नातेवाईक कुठायत?"

मी सवयीने हात जोडून पुढे झालो. "चुकलं, साहेब."

"अरे, माफी कशाची मागतो?" दादा खाटेवरून ओरडले. सिस्टरने समजावून सांगितलं. डॉक्टर आधी लाजला, मग दादांजवळ बसला आणि म्हणाला, "अहमदपूरला फार वेळ थांबतं का हो?" दादा खूश झाले. म्हणाले, "थांबतं. तिथं चहाला सुटी असती."

लातुरात, अहमदपुरात मात्र बोलणं सुरू झालं होतं. बापाला परजिल्ह्यात नेऊन टाकलं. चांगलं टाक्यांचं ठिकाण सोडून पोपड्यांत ठेवलं. हे सगळं मामा मला फोनवर सविस्तर सांगायचा, आणि मी सविस्तर ऐकायचो. मग एका दुपारी तो विहारातली माणसं आणि भावकी मिळून जीपभर लोक घेऊन दारात हजर झाला. हातात केळी, अंगात पांढरे कपडे.

दादांना नुकताच डोळा लागला होता. तोंड थोडं उघडं होतं, कपाळावरची आठी गेलेली. अशी झोप मी कितीतरी महिन्यांत बघितली नव्हती. एरवी मी सगळ्यांना आत घेतलं असतं, पाणी दिलं असतं, वर पाणी द्यायला उशीर झाला म्हणून माफी मागितली असती. त्या दिवशी मी दारातच उभा राहिलो आणि चौकटीच्या दोन्ही बाजूंना हात लावले.

"झोपलेत."

"झोपलेत म्हणजे?" मामा म्हणाला. "आमी अहमदपुराहून आलो. एवढ्या उन्हाचं. मागं बघ, म्हातारी माणसं हाईत."

"बाहेर सावलीत बसा. उठले की बोलावतो."

"मग उठव की त्याला! झोपायला ठेवलंय का हितं?"

"हाव," मी म्हणालो. "झोपायलाच ठेवलंय."