नावेचं इंजन सुटलं त्या दिवशी

पाथरीच्या दक्षिणेला गंगेच्या काठावर सरकारी नाव सांभाळायची नोकरी मी केली. गोदावरीला आमच्याकडं गंगाच म्हणतात. नावेच्या मागं अडकवायचं एक जुनं इंजन होतं, निजामाच्या अमदानीत आलेलं. पूर आला की नाव काढून अडकलेल्या माणसांना आणायचं, एवढंच काम. पूर नाही आला तर वर्षभर पत्र्याच्या शेडात बसून राहायचं. गाव कोसभर लांब. दिवसाकाठी एखादा मेंढक्या नाहीतर धुणं घेऊन आलेली बाई दिसायची, आणि त्यांना माझ्याशी बोलायला सवड नसायची.

इंजनाचं काम मला उस्तादांनी शिकवलं. ते हैदराबादचे, वयानं माझ्या वडलांएवढे. सात वर्षं आम्ही दोघं त्या शेडात राहिलो. एकाच चुलीवर त्यांचं वेगळं, माझं वेगळं शिजायचं, आणि भांडण मात्र रोज एकत्र व्हायचं. मग हैदराबाद राज्य मोडलं आणि आमचा जिल्हा मुंबई राज्यात गेला. नोकरदारांना विचारलं, इकडं राहता का तिकडं जाता. उस्तादांची लेक हैदराबादला होती. ते गेले. त्या दिवशी मी त्यांच्याशी धड बोललोसुद्धा नाही. लय राग आला होता. कुणाचा, ते आजही सांगता यायचं नाही.

निघताना म्हणाले, "आठ दिवसाला एकदा दोरी ओढून फिरवत जा. बसून राहिलं की जाम होतंय ते."

मी फिरवलं नाही. त्या दोरीला हात लावला की उस्ताद मागं उभे राहून शिव्या देत आहेत असं वाटायचं, आणि वळून बघावं तर शेड रिकामं. कशाला जिवाला त्रास करून घ्यायचा. पण खंडेनवमीला पूजा कधी चुकवली नाही. हत्यारं पुसायची, इंजनाला हळदकुंकू, झेंडूचं फूल, आणि वरून शाफ्टच्या दांड्यावर तेल सोडायचं. गंगेला दोन वर्षं पूर आला नाही, नाव पाण्यात गेली नाही.

तिसऱ्या उन्हाळ्यात कचेरीतून हुकूम आला, पावसाळ्याच्या आत नाव तयार ठेवा. मी दोरी ओढली. इंजन हललं नाही. दोरी हातात तुटून आली आणि मी मागच्या मागं आपटलो. वरच्या इंजनातून खालच्या पंख्यापर्यंत जो उभा शाफ्ट जातो, तो नळीत धरून बसला होता. मग उस्तादांना पत्र लिहिलं. दोन वर्षांत पहिलंच. पूजा दरसाल बरोबर केली, तेल दिलं, तरी शाफ्ट जाम झाला, माझ्यानं निघत नाही, तुम्ही या.

खरं सांगायचं तर मला इंजनाचं काही सोयरसुतक नव्हतं. उस्ताद यावेत, आठ दिवस राहावेत, एवढंच पाहिजे होतं. माणसाच्या आवाजाला मी पारखा झालो होतो. उत्तर आलं: गुरुवारी येतो, काम होईतोवर राहीन. मी शेड सारवून घेतलं. गावातून एक बाज मागून आणली. रविवारी हे सगळं झालं, आणि पुढं तीन दिवस करायला काही नव्हतं.

तिथंच घोटाळा झाला. सोमवारी मी नुसतं बघावं म्हणून बोल्ट काढले आणि इंजनाचं डोकं वर उचललं. मला वाटलं होतं, गंज असेल. गंज नावालासुद्धा नव्हता. शाफ्टच्या भोवती नळीत तांबूस, चिवट थर बसला होता, पाक आटून कढईला धरावा तसा. नखानं उकरून वास घेतला आणि तोंडचं पाणी पळालं. करडईचं तेल. मशीनच्या तेलाचा डबा उस्ताद गेले त्याच साली संपला होता. कचेरीला दोनदा कळवलं, कुणी दाद दिली नाही, म्हणून मी खंडेनवमीला घरातलं करडईचं तेल कोमट करून ओतत होतो. चांगलं वाटीभर. ते सुकून लाखेसारखं झालं होतं. शाफ्ट मीच चिकटवला होता, आणि वर हळदकुंकू वाहिलं होतं.

लाजेनं माझं डोकं फिरलं. उस्ताद येऊन हे बघणार, आणि सात वर्षं कुणाला शिकवलं म्हणणार. दोन दिवस मी दुसरं काही केलं नाही. घासलेट ओतून बघितलं, फरक पडला नाही. मग धुण्याच्या सोड्याचं पाणी उकळून नळीत सोडत राहिलो, बाहेरून गरम फडकी गुंडाळली. शाफ्टच्या टोकाला पाना लावून एकदा इकडं, एकदा तिकडं रेटा द्यायचा, जोर करायचा नाही, नाहीतर पीळ पडतो. बुधवारी दुपारी तो केसभर सरकला. मग बोटभर. तिसऱ्या प्रहरी शाफ्ट सगळाच्या सगळा माझ्या हातात आला. मी पुसून, घासून, इंजन जोडून, नवी दोरी घालून, नावेला लावून चालवलं. काठावर एकटाच हसत होतो.

गुरुवारी उस्ताद फाट्यावर उतरले. एका खांद्याला हत्यारांची पिशवी, काखेत वळकटी.

"लय वाळलास की रे," म्हणाले.

शेडात येऊन चहा घेतला. मग त्यांना काठावर नेलं आणि एका ओढीत इंजन चालू करून दाखवलं. ते कान देऊन ऐकत राहिले. पाण्यातून एक फेरी मारून आलो. उतरल्यावर त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला.

"काम झालं की. आता मी काय करू हितं?"

तेव्हा कुठं माझ्या ध्यानात आलं. उस्तादांचा नेम होता: काम असेल तोवरच शागिर्दाच्या घरी मुक्काम. काम संपलं की बिनकामाचं त्याचं अन्न खायचं नाही. एका जुन्या शागिर्दाच्या घरून ते वाढलेल्या ताटावरून उठून आले होते, हे मी डोळ्यांनी बघितलेलं. मला सगळं माहीत होतं. पण ते दोन दिवस माझ्या डोक्यात लाजेशिवाय काही शिरलंच नाही. स्वतःच्या हातानं मी माझे आठ दिवस घालवले होते.

दुपारच्या एस्टीला आम्ही फाट्यावर आलो. लिंबाच्या सावलीत बसल्यावर उस्तादांनी पिशवीतून एक पुडकं काढून माझ्या हातात दिलं. सोडा होता, शेरभर तरी.

"पत्र वाचलं तवाच समजलं, करडईचं तेल वतलंस म्हणून. डबा संपला असंल. आता राहू दे तुझ्यापाशी."

म्हणजे हैदराबादेतून निघतानाच त्यांना सगळं ठाऊक होतं, सोड्याचं दोन ओळीत कळवलं असतं तरी भागलं असतं, आणि तरी ते वळकटी घेऊन आले होते. मी खाली मान घालून पुडक्याचा दोरा ओढत राहिलो.

एस्टी आली. वळकटी मीच वर चढवून दिली. राहा की उस्ताद, एवढं म्हणायचं होतं. काम नसलं तरी राहा, मला करमत नाही, एवढंच. मी म्हणालो, "तिकीट नीट ठेवा."

त्यांनी मान हलवली आणि आत जाऊन बसले.