खोप्याची तालीम

बाळांनो, लिहिते आहे दोघांसाठी, पण निमित्त धाकटीचं आहे. परवा तू शाळेतल्या कार्यक्रमाचा फोटो पाठवलास. नऊवारी, नथ आणि मागे खोपा. खाली लिहिलं होतंस, "आजी, अर्ध्या तासात सुटला. काय चुकलं?" मी उत्तरात फक्त 'गोड दिसतेस' एवढंच कळवलं. काय चुकलं ते मला फोटोवरूनच समजलं होतं. तुझे केस माझ्यासारखे पातळ, आणि त्या दिवशी सकाळीच धुतलेले. पण एवढंच सांगून मोकळं होणं मला जमेना. ही गोष्ट मला ज्या प्रकारे कळली ते मी तुमच्या आईलाही सांगितलेलं नाही.

माझी आई गिरगावात हौशी नाटकांतल्या बायकांचे केस बांधायची. ऐतिहासिक नाटक असलं की खोपा हवाच. केस मागे घेऊन घट्ट बांधायचे, त्यांना गंगावन, म्हणजे खऱ्या केसांची खोटी वेणी, जोडायचं आणि सगळं गुंडाळून मागच्या बाजूला उभट, फुगीर आकार द्यायचा. मी केसांत खोचायचे आकडे हातात घेऊन तिच्या शेजारी उभी असे. पुढे मी परळच्या शाळेत इंग्रजी शिकवलं. खोप्याचं काम पडलं नाही, पण बोटं विसरली नव्हती.

दोनेक वर्षांपूर्वी माझी एक जुनी विद्यार्थिनी घरी आली. ती करी रोडला राहते आणि दादरच्या एका पार्लरमध्ये काम करते. एका नाटकाला केशभूषा करणारी बाई हवी होती. नाटकातल्या नायिकेचे केस फार पातळ, आणि केसांचा टोप घातला की तिचं डोकं दुखायचं. म्हणून त्यांनी सांगितलं होतं की पातळ केसांची एखादी बाई बरोबर आणा, तिच्यावर जुन्या पद्धतीचा खोपा बांधा आणि तो एक प्रवेशभर टिकवून दाखवा.

"बाई, भुवया कोरून कोरून माझी मान गेली," ती म्हणाली. "हे जमलं तर पार्लर सुटेल. आणि जाहिरातीत नाव येतं. केशभूषा, आणि पुढे माझं नाव."

केस बांधायला ती आपल्या थोरल्या जावेलाच घेऊन आली होती. दोघी एकाच घरात, एकाच स्वयंपाकघरात.

"बघा बाई, हिच्या टाळूवर ऊन थेट लागतं," धाकटी, म्हणजे माझी विद्यार्थिनी, म्हणाली.

"लग्नात होते गो माझे केस," थोरली म्हणाली. "दोन बाळंतपणांनी अर्धे गेले. उरलेले तुझ्या मोठ्या दिरांच्या घोरण्यानं."

मग दर बुधवारी संध्याकाळी माझ्याकडे तालीम सुरू झाली. पहिला खोपा दहा मिनिटांत मानेवर आला. दुसऱ्या वेळी गंगावनच सुटून हातात आलं आणि थोरली म्हणाली, "धरा, माझं डोकं धरा!" रबर पातळ केसांवरून घसरतं, म्हणून आई काळी लोकर वापरायची, ते मला तिसऱ्या बुधवारी आठवलं. केस मुळाशी उलटे विंचरून फुगवायचे, ही युक्ती धाकटीची. आकडे एकमेकांत अडकतील असे तिरपे खोचायचे, ही आईची. पाचव्या बुधवारी खोपा झाल्यावर दोघी माझ्या स्वयंपाकघरात फुगडी घालायला लागल्या. खालच्या मजल्यावरून ओरडा आला तेव्हा थांबल्या. खोपा जागच्या जागी होता. धाकटीने जावेच्या गालाचा मुका घेतला.

एक गोष्ट माझ्या लक्षात आली नव्हती. थोरली रविवारी डोक्यावरून न्हायची. बुधवारपर्यंत केसांना तीन दिवसांचा घाम आणि फोडणीचा धूर लागलेला असायचा. त्यानेच ते केस एकमेकांना धरून राहायचे. आईने मला हे कधी सांगितलं नाही, कारण तिच्या काळी बायका आठवड्यातून एकदाच न्हायच्या. सांगायची वेळच आली नसावी.

निवड शनिवारी होती. शुक्रवारी रात्री मी थोरलीला फोन केला. साडी कुठली, चपला कुठल्या, किती वाजता निघायचं, सगळं विचारलं. शाळेत दर सोमवारी मुलींची नखं आणि केस तपासायचे मी, ती सवय गेलेली नाही.

"आणि सकाळी शाम्पूने स्वच्छ न्हाऊन ये," मी म्हटलं.

"बाई, ती नको म्हणालीय. केस धुवू नको म्हणून दोनदा सांगितलंय."

"असं कसं? चार परक्या माणसांसमोर तेलकट डोकं घेऊन बसणार? मी सांगते ना, न्हाऊन ये."

 ती म्हणाली, "बरं, बाई."

दादरला तालमीच्या जागी मीही गेले होते. धाकटी पार्लरमधून परस्पर आली. आमच्या आधी दोघी होत्या. आमची पाळी आली. थोरली खुर्चीवर बसली, धाकटीने तिच्या केसांत हात घातला आणि तो तसाच राहिला.

"वयनी, धुतलेस?"

थोरलीने माझ्याकडे पाहिलं. एकदाच. मग मान खाली घालून म्हणाली, "वास येत होता गो."

बोलायची ती वेळ होती. मी चार हातांवर बसले होते. मांडीवरच्या पर्सची कडी मी उघडली आणि लावली, उघडली आणि लावली. समोर टेबलाशी नाटकाचे तिघे, कडेला आमच्या आधी आलेल्या दोघी, आणि मी त्यांच्या देखत तोंड उघडू शकले नाही. इतकी वर्षं मुलींना सांगत आले होते की चूक झाली तर हात वर करा.

धाकटीने पावडर टाकली, स्प्रे मारला, लोकर दोन पदरी घेतली. खोपा झाला, दिसायलाही चांगला झाला. प्रवेशात वाकून नमस्कार करायचा होता. थोरली वाकली आणि गंगावन खोप्यासकट तिच्या खांद्यावरून पुढे आलं. कुणी हसलं नाही. टेबलाशी बसलेल्या बाई म्हणाल्या, "ठीक आहे, कळवतो."

रस्त्यावर आल्यावर धाकटी जावेला म्हणाली, "मी घरातून बाहेर पडू नये असंच होतं ना तुझ्या मनात? सरळ सांगायचंस." थोरलीने गंगावन पिशवीत घातलं. मी टॅक्सीला हात केला.

काम दुसरीला मिळालं. तीन आठवड्यांनी थोरली माझ्या आईचं, मी तालमीसाठी दिलेलं गंगावन परत द्यायला आली. धुऊन, विंचरून, कागदात गुंडाळलेलं.

"ती माझ्याशी बोलत नाही," ती म्हणाली. "भाजीपण वेगळी करते."

"तू माझं नाव का नाही सांगितलंस?"

"तिला बाई एकच आहेत. जावा काय, घरात असतातच." ती हसायला गेली, पण तिला जमलं नाही.

दुसऱ्याच दिवशी मी करी रोडला गेले. धाकटी दारातच मेथी निवडत बसली होती. मी बसण्याआधीच सांगून टाकलं: फोन मी केला होता, न्हायला मी सांगितलं होतं, तिने तुझं ऐकलं होतं, मी ऐकू दिलं नाही. धाकटीचे हात थांबले. मला वाटलं होतं ती म्हणेल, जाऊ दे बाई, होतं असं.

"मग तिथेच का नाही बोललात?" ती म्हणाली. "मी त्यांना म्हटलं असतं, आमच्या बाईंकडून चूक झाली, मला परवा परत बोलवा. बोलावलं असतं कदाचित. त्या तिघांना खोपा आवडला होता, मी बघत होते त्यांच्याकडे."

  न्हायला सांगणं ही चूक होती, ती कुणाच्याही हातून झाली असती. गप्प बसणं माझं एकटीचं होतं.

 आतून थोरलीचा आवाज आला, "चहा टाकू काय?"

धाकटीने मेथीची जुडी बाजूला सारली. "टाक वयनी," ती म्हणाली. "बाईंना साखर कमी."

तेव्हा बाळा, तुझ्या फोटोखालच्या प्रश्नाचं उत्तर असं: केस दोन दिवस धुवू नकोस, रबराऐवजी लोकर घे, आकडे तिरपे खोच. आजी काही वेगळं सांगायला लागली तर ऐकू नकोस.

माझी ती विद्यार्थिनी अजून दादरच्या त्याच पार्लरमध्ये आहे. जाहिरातीत तिचं नाव आलेलं नाही. ती माझ्याकडे येते, पण पूर्वीसारखं मला काही विचारत नाही. दोघी जावांचं स्वयंपाकघर पुन्हा एक झालं आहे. थोरली मात्र जावेला केसांना हात लावू देत नाही. माझ्या आईचा खोपा आज दोन माणसांना बांधता येतो, त्या विद्यार्थिनीला आणि मला.