त्र्यंबकरावांची खोली

देवाशपथ सांगतो, ही गोष्ट शंभर टक्के खरी आहे. म्हणजे नव्वद धरा. मधले दहा टक्के मी स्वतः बनवले, आणि झोल हाच झाला भिया, की पुढे तेच दहा टक्के सगळ्यात जास्त खरे निघाले.

आणि माझ्याइतका गाढव इंदूरच्या अख्ख्या राजेंद्र नगरात सापडणार नाही, हेही आधीच कबूल. हसायचं तर आत्ताच हसून घ्या. नंतर जमत नाही.

तर मी चेलो वाजवतो. चेलो माहितेय ना? नाही? बरं, व्हायोलिन धरा. आता त्या व्हायोलिनने वर्षानुवर्षं तुपात बुडवलेले बाफले खाल्ले तर ते जेवढं होईल ना, तो चेलो. खुर्चीवर बसायचं, त्याला गुडघ्यात धरायचं, गज फिरवायचा. खालच्या तारेचा आवाज कानात येत नाही, पोटात येतो.

त्याची काळी पेटी ऑटोत आडवी टाकून मी राजवाड्यावरून जातो तेव्हा लोक बाजूला होतात आणि हात जोडतात. एका भल्या माणसाने तर विचारलं, "कौन थे?"

मी म्हणालो, "अपने ही थे."

आणि वाजवतो काय? सगळं! नाताळात चर्चमध्ये, गणपतीत ऑर्केस्ट्रात, कॉलेजात मेटल बँडमध्ये, खेड्यात कबीराच्या भजनांना. वर स्वतःचं काहीतरी बनवतोही. शास्त्रीयवाले म्हणतात हा बँडवाला. बँडवाले म्हणतात हा भजनवाला. भजनवाले बिचारे काही म्हणत नाहीत, चहा देतात.

हे सगळं करायची जागा एकच, आमच्या गच्चीवरची खोली. बाबा रेल्वेत, घरी कमीच. खाली आईच्या गणिताच्या शिकवण्या. खाली गज उचलला की पोरं वर्गमूळ विसरतात, असं तिचं म्हणणं. मग मे महिन्यात एक दिवस ती पोळी लाटता लाटता म्हणाली, "चिन्मय, वरची खोली भाड्याने द्यायचीये. तुझी पेटी जिन्याखाली सरकव."

"आणि मी वाजवू कुठे?"

"वाजवायलाच पाहिजे का?"

आता बोला! जिन्याखाली तर गजही पूर्ण फिरत नाही. खोली गेली म्हणजे माझा चेलोच गेला ना यार. रडून काही होणार नव्हतं, आई गणितवाली आहे. तेव्हा मी ठरवलं, भाडेकरूच टिकू द्यायचा नाही.

इंदूरची मे महिन्यातली भर दुपार अनुभवलीये? भुतं रात्री येतात म्हणतात. खोटं आहे. रात्री तर आपल्याकडे लोक खायला बाहेर पडतात, भुताला उभं राहायला जागा कुठे? दुपार बघा. रस्त्यावर कुत्रं नाही. पडदे ओढलेले. गच्ची पांढरीफटक. आपली सावलीसुद्धा पायाखाली दडून बसते, बाहेर यायला तयार नाही. त्या वेळेला मी खोलीला लागून असलेल्या अडगळीच्या खोलीत चेलो घेऊन दार लावून बसलो.

पहिलं गिऱ्हाईक जवळच्या हातोद गावचं. धान्याचे व्यापारी वडील, कोचिंगला आलेला मुलगा. खोली बघतायत. मी गज थेट घोडीवर टेकवला, तारा जिच्यावर ताणलेल्या असतात ना, त्या लाकडावर. तिथे सूर लागत नाही. तिथे घसा कोरडा पडलेल्या म्हाताऱ्याचा श्वास लागतो.

बाहेर पावलं थांबली.

मग अंगठा तारेवरून हळूच वर सरकवला. विहिरीच्या तळाशी कोणीतरी लहान मूल रडतंय, असा आवाज.

"यो कई है?" वडील.

"पापा, चलो," मुलगा.

तोवर मी मागच्या खिडकीतून गच्चीवर, गच्चीवरून दारात. हातात पाण्याचे ग्लास. चेहरा असाच, जसा आत्ता आहे.

"ऐकू आलं का तुम्हाला?" मी म्हणालो. "त्र्यंबकराव आहेत. काही करत नाहीत. फक्त वाजवतात."

"कोण त्र्यंबकराव?"

आता नाव तोंडातून निघून गेलं होतं, माणूस बनवावा लागला. मी सुरू झालो. त्र्यंबकराव राजाच्या बँडमध्ये चेलो वाजवायचे. एकदा परेडच्या मार्चमध्ये त्यांनी ठुमरी घातली, घोडे जागच्या जागी थांबले. काढून टाकलं. मग शास्त्रीयवाल्यांकडे गेले. ते म्हणाले, मैफिलीत खुर्ची चालणार नाही. मग चर्चमध्ये गेले, तिथे कबीर घुसवला. मग नाटक कंपनीत खलनायकाच्या एंट्रीला वाजवू लागले. इतकं वाजवलं की खलनायकच स्टेजवर यायला घाबरायचा. शेवटी सगळ्यांचं मिळून एक मोठं काहीतरी रचायला बसले. इथेच. अर्धं झालं, आणि गज हातात धरूनच गेले. आता ते उरलेलं अर्धं शोधतात.

बघा, हा बायोडेटा कोणाचा? माझाच. फक्त घोडे वाढवले आणि शेवटी माणूस मारला.

हातोदवाल्यांनी पाणीही घेतलं नाही. पण जाता जाता शेजारच्या वैद्य आजोबांना सगळं सांगून गेले. आजोबांचं घर आणि आमचं घर, मधली भिंत एकच. आजोबांना ऐकू कमी येतं, पण ऐकलेलं वाया घालवत नाहीत. चार दिवसांत कॉलनीत त्र्यंबकराव माझ्यापेक्षा जास्त ओळखीचे झाले. आणखी दोन भाडेकरू आले नि पळाले. मी खूश. आई हैराण. पोरं खाली वर्गमूळ करतायत.

मग मुग्धा आली.

नाशिकची. पीथमपूरच्या एका कारखान्यात नोकरी. काम काय, तर मशीन किती थरथरते ते मोजायचं. मी म्हटलं, हिला तर एका सुरात घालवतो. पण ही बया आवाज ऐकून पळाली नाही, सरळ अडगळीच्या दाराकडे आली! मी घाबरून चेलो तसाच भिंतीला टेकवला, गज जमिनीवर टाकला आणि खिडकीतून उडी. मग पाण्याचा ग्लास, त्र्यंबकराव, राजा, घोडे, सगळं.

तिने नीट ऐकून घेतलं. "हे घर तुझ्या बाबांनी बांधलं ना?"

"हो."

"मग राजाच्या बँडमधले गृहस्थ ह्या गच्चीवर कसे राहायचे?"

"जागा जुनी आहे," मी म्हणालो. "तेव्हा इथे नुसती हवा होती. तीत राहायचे."

"आणि दुपारचेच वाजवतात?"

"दुपारचेच."

"मग काय प्रॉब्लेम? दुपारी मी ऑफिसात असते." आणि गेली खाली आईशी बोलायला.

आईला तर ती इतकी आवडली की तिला जेवायलाच बसवलं. आमरस, पुरी, बटाट्याची भाजी. मी समोर तोंड पाडून बसलो. पुरीचा पहिला तुकडा आमरसात बुडवला, आणि वरून आवाज आला.

चेलोचा. खालच्या तारेचा. लांब, जाड, एकच सूर.

आईने माझ्याकडे बघितलं. मी आईकडे बघितलं.

"अरे, तू तर इथे आहेस."

"हो."

"मग वर कोण आहे?"

तुम्हाला वाटेल, असेल काहीतरी. नाही भिया. ऐका. गजाला टोक असतं. कितीही मोठा उस्ताद असू द्या, टोक आलं की गज परत फिरवावाच लागतो, आणि फिरवला की सुरात बारीकसा सांधा येतो. आम्हा वाजवणाऱ्यांना तो सांधा झोपेतही ऐकू येतो. ह्या सुराला सांधाच नव्हता! कोणीतरी असा गज ओढत होतं ज्याला टोकच नाही. माझ्या हातातली पुरी आमरसात बुडाली ती बुडालीच.

वर गेलो. पुढे आई, हातात गणिताची लाकडी पट्टी. मधे मुग्धा, हातात आमरसाची वाटी. सगळ्यात मागे मी, चेलोचा मालक.

खोलीत ट्यूब चालू, पंखा चालू. आईने पट्टीने अडगळीचं दार ढकललं. चेलो भिंतीला टेकलेला. गज जमिनीवर, मी टाकला होता तिथेच. आणि ती खालची तार दिसत नव्हती. म्हणजे होती, पण धुकं असतं ना, तशी. इतकी कापत होती.

मी हात जोडले. "त्र्यंबकराव, माफ करा. चुकलं."

खट्! ट्यूब बंद. पंखा बंद. सूर बंद. तिन्ही एकदम.

मला एवढंच समजलं की मी माफी मागितली आणि त्यांनी लाइट घालवली. मंजूर नव्हती वाटतं.

"आई!" मी ओरडलो, "त्र्यंबकराव नाहीचेत! मी बनवलेत! सगळं मी वाजवत होतो!"

"हो का?" आई म्हणाली. "मग आत्ता कोण वाजवत होतं?"

मी दोन पावलं मागे सरकलो. गणितवालीच्या हातात पट्टी होती.

मुग्धाने फक्त भिंतीला तळहात लावून बघितला, आणि आमरस संपवला.

तेवढ्यात पलीकडच्या गच्चीवरून वैद्य आजोबा डोकावले. "तुमच्याकडेही लाइट गेली का हो?"

आई म्हणाली, "आजोबा, ते त्र्यंबकराव वाजवत होते!"

"वाजवणारच. मोठा माणूस. मी ऐकलंय त्यांना, समोर बसून."

मी कठड्याशी धावलो. "आजोबा, कुठे ऐकलंत?"

"कुठे म्हणजे? इंदूरातच! उंच होते. डाव्या हाताचं एक बोट वाकडं, तारा दाबून दाबून."

बोटाचं मी कोणालाच सांगितलं नव्हतं. मी माझा डावा हात खिशात घातला. हे बघा बोट. नाही, बघा ना!

त्याच दुपारी मी स्वतःच्या तोंडाने म्हणालो, "आई, खोली देऊन टाक. मला नको." ज्या खोलीसाठी एवढं नाटक केलं, ती हात जोडून दिली!

मुग्धा म्हणाली, "काकू, मी घेते. पण आता ह्यांच्यासोबत राहायचं म्हटल्यावर भाडं जरा..."

आईने अर्धं केलं.

चेलो गेला जिन्याखाली. पाऊस आला, गेला. मी पाय जिन्यात आणि कोपर बाहेर काढून गज फिरवत होतो, पोरं माझ्यावरून उड्या मारून शिकवणीला जात होती. वरून एकदाही आवाज आला नाही. मला वाटायचं, त्र्यंबकरावांना मुग्धा मानवली.

थंडी पडायला लागली तेव्हा एकदा मी हिंमत करून विचारलं, "ते तुला त्रास तर देत नाहीत ना?"

ती इतकी हसली की जिन्यातच बसली. "अरे, वैद्य आजोबांचा कूलर आहे ना, तो तुमच्याच भिंतीला ठोकलेला होता. मोटर थरथरते, मग भिंत थरथरते. भिंतीला तू चेलो टेकवलास, तोही थरथरणार. लाइट गेली, कूलर बंद, चेलो बंद. मी पगार ह्याचाच घेते."

"तुला कधी कळलं?"

"भिंतीला हात लावला तेव्हाच."

"मग तेव्हाच बोलायचं ना!"

"कसं बोलू? भाडं ठरायचं होतं."

मी सगळ्यांना घाबरवायला निघालो आणि आजोबांच्या कूलरने मला घराबाहेर काढलं! बरं, एवढ्यावर थांबली असती तर ती मुग्धा कसली? आजोबांच्या आठवणी ऐकून तिने खोलीत दर रविवारी बैठक सुरू केली. बाहेर पाटी, 'त्र्यंबकराव स्मृती मंडळ'. तिकीट लावलं. लोक येतात! एक काकू दर वेळी सांगतात की त्यांच्या लग्नात त्र्यंबकराव वाजवून गेले.

मुग्धा मला म्हणाली, "तुला वाजवायचंय? ये ना. तिकीट काढ."

"मी वाजवणारा आहे!"

"मंडळाचा नाहीस ना. आणि रियाजाला खोली पाहिजे असेल तर भाडं तासाचं."

काय करणार, जिन्याखाली राहून राहून मान वाकडी झाली होती. काढलं तिकीट. बसलो माझ्याच खोलीत. माझी एक रचना होती, कित्येक महिने एका ठिकाणी अडकलेली. कोणाला ऐकवली नव्हती. बनवली तीही कागदावर, जिन्याखाली बसून, गज न लावता. त्या दिवशी ती पहिल्यांदा वाजवली. अडकलो होतो तिथे आलो आणि थांबलो.

गज हवेतच राहिला.

आणि पहिल्या खुर्चीवरून वैद्य आजोबा, डोळे मिटलेले, पुढचं गुणगुणायला लागले.

पुढचं! जे मी अजून बनवलंच नव्हतं! हळूहळू खाली उतरत गेले, एकही श्वास न घेता, आणि असे संपले की माझ्या हातातला गज आपोआप टेकला. भिया, बरोबर होतं. तेच पाहिजे होतं.

कूलर तेव्हा कधीचा काढून ठेवला होता. लाइट होती. मी भिंतीला हात लावून बघितला, गार होती.

"आजोबा, हे कुठून आणलंत?"

"अरे, ते असंच संपवायचे," आजोबा म्हणाले. "तू सुरात आहेस बेटा. पण त्र्यंबकरावांची बात और होती."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. आजोबांना. आता ती रचना मंडळाच्या पत्रिकेवर छापून येते. संगीत, त्र्यंबकराव. खाली बारीक अक्षरात, वादन, चिन्मय.

बस, एवढंच. आता असे एकमेकांकडे काय बघताय? चहाचे पैसे तुमचे तुम्ही द्याच, ते वेगळं. मुग्धाचा नियम आहे, त्र्यंबकरावांची गोष्ट कुठेही सांगितली तरी तिकीट घ्यायचं. हा घ्या मोबाईल, करा स्कॅन. पैसे पाठवताना नाव त्र्यंबकरावांचंच येईल, घाबरायचं नाही. मी तर दर महिन्याला रियाजाचं भाडं त्यांनाच भरतो.